नौपाडा ते आंबिवली, ट्रॉलीसकट

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीचा पुनर्विकास एकदाचा ठरला, तेव्हा सोसायटीतल्या बाकीच्या लोकांनी भाड्याच्या जागा शोधायला सुरुवात केली आणि माझ्या नवऱ्याने गाडी.

समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, मनात ‘अरे’ म्हणते. इथे मनातलंच लिहिणार आहे.

नवी इमारत उभी राहीपर्यंत दुसऱ्याच्या जागेत राहायचं, दर वर्षी करार करायचा, भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारायचं, हे त्याला मान्य नव्हतं. एका रविवारी पोहे खाताना त्याने जाहीर केलं, “आपण मोटरहोम घेऊ. चाकांवरचं घर. आज इथे, उद्या लडाख.”

“आणि परवा?” सासूबाईंनी विचारलं.

परवाचा विचार त्याने केला नव्हता. पण त्यामुळे त्याचं आजवर कधी अडलेलं नाही.

नवरा आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची, त्यामुळे गाडी चालवायला तो कधी शिकला नाही. मी कळव्याच्या शाळेत शिकवायला जायचे, आधी स्कूटरवर आणि मग गाडीने, त्यामुळे घरातली ड्रायव्हर मी. गाडी कशी चालवावी याचं ज्ञान मात्र सगळं त्याच्याकडे. क्लच किती दाबावा, वळणाच्या आधी किती अंतरावर गिअर बदलावा, हे तो मला शेजारच्या सीटवरून इतकी वर्षं सांगत आला आहे की त्याला सोडून गाडी नेली तर गाडीत काहीतरी बिघाड झाल्यासारखं शांत वाटतं.

गाडी मिळाली ती उत्तनच्या एका ख्रिस्ती आजोबांकडे. समुद्राच्या बाजूला त्यांची वाडी, वाडीत नारळाखाली ही उभी. तरुणपणी त्यांनी मिनीबसच्या सांगाड्यावर हे घर बांधून घेतलेलं, दर वर्षी सगळं कुटुंब घेऊन तमिळनाडूत वेलंकनीच्या यात्रेला जायला. आत सागवानी कपाटं, भिंतीला दुमडून ठेवायचे पलंग, एक ओटा, खिडक्यांना जाळ्या आणि ड्रायव्हरच्या मागे मेरीमातेसाठी कोरलेला सुंदर कोनाडा. आता त्यांची मुलं विमानाने जातात. आजोबांनी मूर्ती काढून आपल्या घरात नेली होती आणि कोनाडा पुसून ठेवला होता.

“गारी एकदम बेस हाय,” आजोबा म्हणाले. “फक्त तिला रिवर्स आवरत नाय.”

“म्हणजे काय?” नवऱ्याने विचारलं.

“मागं जायला कंटालते. मी पन तिला कवा जबरदस्ती केली नाय. फुडं जागा बगायची, वलसा घालायचा, मंग यायचं.”

नवरा हसला. रिव्हर्स गिअर ही काय दुरुस्त न होणारी गोष्ट आहे का, असं तो येताना मला म्हणाला. पुढे सगळं दुरुस्त झालं. इंजिन खोललं, ब्रेक नवे घातले, टायर बदलले, तपासण्या आणि कागदपत्रं रीतसर झाली. रिव्हर्स गिअर मात्र प्रत्येक मेकॅनिकने बघितला, नीट आहे असं सांगितलं आणि गाडी गॅरेजमधून बाहेर काढताना ढकलायला माणसं बोलावली.

राहायला जागा ठरली आंबिवलीला. तिथे माझ्या धाकट्या दिरांचं स्टेशनपासून जरा आत छोटं घर आहे आणि लागूनच मोकळा प्लॉट. गाडी प्लॉटवर लावायची, पाणी आणि वीज दिरांकडून घ्यायची, आणि तिथूनच पुढे लडाखला जायचं.

आता सामान. कमीत कमी सामानात माणूस किती सुखी होऊ शकतो यावर नवऱ्याने आम्हाला बरंच ऐकवलं. परदेशात माणसं म्हणे दोन पातेल्यांवर आयुष्य काढतात. मग आम्ही तिघं कमीत कमी सामान काढायला बसलो. सासूबाईंचं लोखंडी कपाट कमीत कमीमध्ये आलं, कारण ते त्यांच्या लग्नातलं. नवऱ्याची हत्यारांची पेटी आली, आणि वस्तू घट्ट पकडून ठेवायचा लोखंडी व्हाइस, आणि ग्राइंडर. फ्रिज आला. माझी पुस्तकं आली. गाद्या आल्या, कारण गाडीतल्या गाद्या वेलंकनीच्या काळातल्या होत्या. हे सगळं हॉलच्या मध्ये रचल्यावर स्पष्ट दिसलं की कमीत कमी सामान गाडीत मावणार नाही.

“ट्रेलर लागेल,” नवरा म्हणाला. आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच कळायला हवं होतं, लडाख वगैरे बाजूला राहिलं, ह्याला आता खरा विषय मिळाला.

ट्रेलर वागळेतच त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बनला. लोखंडी चौकट, त्यावर प्लायची बंद खोली, मागे दार, खाली दोन चाकं, त्यांना स्वतःचे ब्रेक. नवरा त्याला ट्रेलर म्हणायचा, वर्कशॉपमधले ट्रॉली म्हणायचे आणि सासूबाई ‘मागची खोली’. ती रिकामी असतानाच इतकी जड होती की ती ओढायची कल्पना मला ट्रेकला जाताना पाठीवर देवघर नेण्यासारखी वाटली.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. जड ट्रेलर सुरक्षितपणे कसा ओढावा यावर त्याने जगभरातलं जे मिळेल ते वाचलं, छापून आणलं आणि मला समोर बसवून शिकवलं. वजनाचा मोठा भाग चाकांच्या पुढे हवा. जड वस्तू तळाशी. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर ट्रॉली मागे झुकते आणि चालत्या गाडीला शेपटी हलवल्यासारखी हलवते. हुकाखालून दोन साखळ्या, एकमेकींवरून फुलीसारख्या. उतारावर आधीपासूनच खालचा गिअर.

“आणि समजा ट्रेलर डोलायला लागला,” तो बोट वर करून म्हणायचा, “तर काय करायचं नाही?”

“ब्रेक मारायचा नाही,” मी भाजी निवडता निवडता म्हणायचे.

“स्टिअरिंग?”

“सरळ धरायचं. झटके द्यायचे नाहीत. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडीला आपली आपण हळू होऊ द्यायचं.”

“शाबास.”

शाळेत मी हाच शब्द वापरायचे. मुलांना तो किती लागत असेल हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ट्रॉली भरताना त्याने बाथरूममधला वजनकाटा खाली नेला. ट्रॉलीची दांडी एका फळीवर, फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर. तो पालथा पडून आकडा वाचायचा आणि मग कपाट थोडं पुढे सरकवा, फ्रिज थोडा मागे घ्या, असं आमच्याकडून करून घ्यायचा. जाणारे-येणारे विचारायचे, “काय, वजन वाढलंय वाटतं?”

या वजनाच्या कारभारात माझं शिवणाचं मशिन गेलं. ते माझ्या आईचं. पायाने चालवायचं, खाली बिडाचा भक्कम स्टँड. मी त्यावर फार काही शिवत नव्हते हे खरं आहे. उशांचे अभ्रे, सासूबाईंच्या ब्लाउजचे हात सैल करणं, इतकंच. पण आई गेल्यावर तिच्या घरातून मी एवढीच एक गोष्ट आणलेली.

“बिडाचं आहे,” नवरा म्हणाला. “नुसता स्टँडच केवढा भरेल. गणितात बसत नाही.”

“तुमचा व्हाइस बसतो गणितात?”

“व्हाइस लागतो.”

तसाच नियम सासूबाईंच्या पाट्या-वरवंट्याला लागला. मिक्सर असताना दगड कशाला, असं त्यांच्या मुलाने त्यांना विचारलं. त्यांनी वाद घातला नाही. “बरं,” म्हणाल्या. मी मात्र दोन दिवस तोंड फुगवलं आणि शेवटी म्हटलं, द्या कोणाला द्यायचं ते. कळव्याला माझ्या मैत्रिणीच्या सुनेला मशिन हवं होतं. नवरा म्हणाला, मी पोचवतो. निघायच्या आदल्या दिवशी मशिन घरातून गेलं. ज्या कोपऱ्यात ते होतं तिथे फरशीवर चार डाग राहिले. मी ते पुसायला गेले आणि मग म्हटलं, इमारतच पाडणार आहेत, पुसायचं कशाला.

रविवारी सकाळी निघालो. सासूबाईंनी मेरीमातेच्या कोनाड्यात आपला बाळकृष्ण बसवला. जागा अगदी बेताची होती, जणू त्याच्याच मापाने कोरलेली. “बाईने जागा छान ठेवलीय,” एवढंच त्या म्हणाल्या आणि त्याच्या खालच्या बाकावर बसल्या. नवरा माझ्या शेजारी, मांडीवर छापील कागदांची चवड घेऊन. सोसायटीतली मंडळी निरोप द्यायला खाली आली होती. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं की कीव हे मला ओळखता आलं नाही. बहुतेक आपण भाड्याने टू बीएचके घेतला ते बरं केलं, असा तो भाव असावा.

गल्लीतून बाहेर पडायलाच घाम फुटला. मागे एक अख्खी खोली आहे हे हातांना कळत होतं, डोक्याला कळत नव्हतं. वळण नेहमीसारखं घेतलं असतं तर कोपऱ्यावरचा फुलवाला ट्रॉलीत आला असता. मी रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन मग वळवायची, आणि मागून सगळं ठाणे शहर हॉर्न वाजवायचं.

“उत्तम,” नवरा कागदात बघत म्हणायचा. “रुंद वळण. असंच लिहिलंय.”

कळव्याचा पूल ओलांडला. पुढे मुंब्र्याचा बायपास लागला, तिथे रस्ता डोंगराच्या कुशीतून चढतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली खाडी. चढावर गाडी कण्हत होती पण तक्रार न करता चढली. आजोबांची आठवण झाली. खरंच, पुढे जायला ती कंटाळत नव्हती.

चढ संपला. मी उताराच्या आधीच गिअर खाली आणला, शिकवल्याप्रमाणे. पहिलं वळण नीट गेलं. मग रस्ता सरळ झाला आणि उजवीकडून एक लांबलचक कंटेनर जोरात पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने आमची गाडी बाजूला ढकलल्यासारखी झाली, आणि ती सावरायच्या आत मागून काहीतरी तिला ओढायला लागलं.

मला आधी टायर फुटल्यासारखं वाटलं. उजव्या आरशात ट्रॉलीची कड दिसली, ती गेली आणि डाव्या आरशात आली. पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. स्टिअरिंग माझ्या हातात होतं पण माझ्या ताब्यात नव्हतं. मागे ओट्यावरचे डबे एकापाठोपाठ एक खाली आले. सासूबाईंचा जप थांबला.

“ब्रेक!” नवरा ओरडला. “ब्रेक मार! अगं ब्रेक!”

इतक्या वर्षांत त्याने मला शेजारून जे जे ओरडून सांगितलं त्यातलं मी काहीच केलेलं नाही, ती सवय असेल. किंवा महिनाभर भाजी निवडताना जे ऐकलं ते माझ्या नकळत आत जाऊन बसलं असेल. मी पाय काढला. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला आणि हवेत धरून ठेवला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं. इतकं घट्ट की नंतर बोटं उघडायला वेळ लागला. गाडी पुन्हा डावीकडे गेली, खाडीच्या बाजूच्या कठड्यावरचे रंगाचे पोपडे उडालेले पांढरे-काळे पट्टे दिसले, मग ती उजवीकडे आली. नवरा अजून ओरडत होता. त्याचे कागद सगळ्या केबिनमध्ये उडत होते, त्यातला एक माझ्या दंडाला चिकटला.

गिअरने गाडीला धरलं. वेग उतरला, तसे मागचे झोके लहान होत गेले, आणि मग नुसता एक हिसका राहिला, रडून थकलेलं मूल शेवटी हुंदका देतं तसा. पुढे रस्ता जरा रुंद झाला तिथे मी गाडी कडेला घेतली, मग हळू ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

मग मागून सासूबाई म्हणाल्या, “बाळकृष्ण जागेवर आहे.”

नवरा उतरला, चाकांना दगड लावून आला आणि माझ्या खिडकीखाली उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तू ब्रेक मारला नाहीस,” तो म्हणाला.

“तुम्हीच सांगितलं होतं, मारायचा नाही म्हणून.”

“मी आत्ता मार म्हणून ओरडत होतो.”

“ते ऐकलं नाही.”

त्याने माझ्या दंडाला चिकटलेला कागद ओढून काढला. “बरं झालं,” म्हणाला, आणि ट्रॉलीकडे गेला. मीही उतरले. मी गाडीला धरून धरून मागे गेले.

“असं होऊच शकत नाही,” तो स्वतःशी बोलत होता. “काल वजन बरोबर होतं. मी तीनदा बघितलं.” त्याने मागचं दार उघडलं.

दाराच्या अगदी आत, शेवटच्या टोकाला, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला पाटा आणि वरवंटा होता. शेजारी त्यांचा खलबत्ता, आणि रगड्याचा तो मोठा दगड, जो घरात आहे हे मीसुद्धा विसरले होते.

“आई!”

सासूबाई खिडकीतून डोकावल्या. त्यांना अजिबात वाईट वाटलेलं दिसलं नाही. “सकाळी वॉचमनकडून ठेवून घेतलं. दाराजवळ ठेव म्हटलं, म्हणजे तिकडे उतरवायला पहिल्यांदा हाताशी येईल.”

“दगडांनी ट्रेलर मागे झुकला! आपण मेलो असतो!”

“एवढ्याशा पाट्याने?” त्यांनी विचारलं. “आणि वॉचमन म्हणत होता, आत निळं काहीतरी आहे, ते काय?”

पाट्याच्या मागे निळ्या प्लास्टिकच्या कागदात बांधलेलं काहीतरी होतं. नवरा एकदम प्लास्टिकच्या पुढे जाऊन उभा राहिला, जणू ते त्याच्यामागे मावणार होतं. मी त्याला बाजूला केलं आणि कागद ओढला. बिडाचा स्टँड. वर आईचं मशिन, हँडलला कापड गुंडाळून नीट बांधलेलं.

“कळव्याला पोचवलं नाहीस,” मी म्हटलं. ‘अहो’ म्हणायचंही राहिलं.

“तिथे गेल्यावर तुला दाखवणार होतो.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “काल रात्री सगळं भरून झाल्यावर ठेवलं. पुढे जागाच नव्हती. एका मशिनने गणित फार बिघडत नव्हतं. जरा कडेला जात होतं, एवढंच. मला काय माहीत आई अख्खं स्वयंपाकघर चढवेल.”

“आणि मला काय माहीत तू मशिन चढवशील,” वरून सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे त्या ट्रॉलीत नियम पाळणारी मी एकटी होते. आणि ती ट्रॉली ओढणारीही मीच. मला इतका राग आला होता की तो कुठून सुरू करावा हे कळेना. मशिनच्या चाकावर हात ठेवला तर ते थंडगार होतं. मी म्हटलं, “अहो, तुमचं हे सरप्राइज मला खाडीतच मिळालं असतं.” आणि मग कठड्याला टेकून बसले. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आलं नाही.

सासूबाई घडीची खुर्ची घेऊन उतरल्या. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी थर्मास उघडला आणि मला आधी चहा दिला. “दोन चमचे साखर जास्त आहे,” म्हणाल्या. “पी.”

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोघं जण आले आणि थांबले. तिशीचे असतील, हेल्मेट काढून गाडीकडे कौतुकाने बघत होते. त्यांनी खुर्ची बघितली, थर्मास बघितला, खिडकीतला ओटा बघितला.

“आजी, वडापाव आहे का?” एकाने विचारलं.

सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. “वडापाव संपला,” त्या म्हणाल्या. “चहा आहे. पण आधी आत ते मशिन आहे, ते उचलून पुढे सरकवायचंय.”

त्यांना ते हॉटेल नाही हे कळायला थोडा वेळ लागला, पण तोवर ते ट्रॉलीत चढले होते. मग अर्धी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उतरली. फ्रिज, गाद्या, पुस्तकांची खोकी, हत्यारांची पेटी, हे सगळं मुंब्र्याच्या डोंगराखाली मांडलं गेलं, आणि जाणारे ट्रकवाले बघून वेग कमी करायला लागले. नवरा कामाला लागला की त्याचा धीर परत येतो. “कपाटाच्या शेजारी मशिन,” तो सांगत होता, “पाटा त्याच्या खाली, अगदी तळाला. गाद्या मागे.” मग त्याने गाडीतून बाथरूमचा काटा आणला, फळी आणली, वीट म्हणून रस्त्यातला दगड घेतला आणि पालथा पडला.

“काका, वजन करायला थांबलात का इथे?” दुसऱ्याने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

काटा बरोबर दाखवू लागला तेव्हा त्यात सगळं बसलं होतं. पाटा, रगडा, मशिन, व्हाइस. जे गणितात बसत नव्हतं ते सगळं त्याच गणितात बसलं, फक्त आदल्या दिवशी एकमेकांना सांगायला हवं होतं. हे मी बोलले नाही, कारण सासूबाई चहा ओतत होत्या आणि त्या दोघांनी फोनवर गाडीबरोबर आमचा फोटो काढला होता. त्यात मी हसते आहे.

पुढचा प्रवास मी बैलगाडीच्या वेगाने केला. शीळफाट्यावर, डोंबिवलीच्या मानपाड्याला, पत्रीपुलावर, जिथे जिथे आम्ही गेलो तिथे मागे रांग लागली. पूर्वी मला मागच्याचा हॉर्न लागायचा. त्या दिवशी कोणी कितीही वाजवला तरी मला काही वाटलं नाही. नवरा शेजारी अगदी गप्प होता. कल्याण सोडून शहाडचा पूल चढताना मी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय झालं? गिअर कधी बदलू ते सांगा ना.”

“तुला कळतंय,” तो म्हणाला. हा टळलेल्या अपघाताचा धक्का होता. पुढे आठवड्याभरात उतरला.

आंबिवलीला दीर आणि जाऊबाई फाटकात वाट बघत उभे होते. फाटक उजव्या हाताला, रस्ता अरुंद आणि पुढे बंद. ट्रॉलीसकट वळायला जागा नव्हती, त्यामुळे ती आत न्यायची तर मागे मागेच न्यावी लागणार होती. ट्रॉली लावून गाडी मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हेही नवऱ्याने शिकवलेलं. पण आधी गाडीला मागे जायला राजी करायला हवं होतं. मी गिअर टाकला, ती खरखरली. पुन्हा टाकला, ती बंद पडली.

“जबरदस्ती करू नकोस तिला,” मागून सासूबाई म्हणाल्या. त्या उत्तनला कधी गेलेल्या नव्हत्या.

शेवटी गिअर पडला, तर नवरा मागे उभा राहून हात करत होता, दीर पुढे उभे राहून हात करत होते, आणि दोघांचे हात वेगवेगळ्या दिशेला. ट्रॉली फाटकाऐवजी शेजाऱ्यांच्या तुळशीकडे निघाली. मी थांबले, उतरले आणि म्हटलं, “सोडवा ती.” हूक सुटला, साखळ्या सुटल्या. आळीतली माणसं जमली होती, ती पुढे आली, आणि सगळ्यांनी मिळून मागची खोली हाताने ढकलत प्लॉटवर नेली. गाडी मी पुढून सरळ आत घातली. फाटकातून जाताना ती एकदाही कुरकुरली नाही.

लडाख अजून राहिलंय. गाडी त्याच जागेवर उभी आहे आणि आम्ही तिच्यात राहतो, ह्याचा सगळ्यात जास्त आनंद ज्यांनी ‘आणि परवा?’ विचारलं होतं त्यांनाच आहे. सासूबाई सकाळी दारात बसून पाट्यावर चटणी वाटतात आणि आळीतल्या बायकांना वाटून देतात. नवरा आळीतल्या पुरुषांना जड ट्रेलर कसा ओढावा हे समजावतो. डोलणाऱ्या ट्रेलरचा किस्सा तो फार रंगवून सांगतो. त्यात तो ओरडतो, पण ‘ब्रेक मारू नकोस’ असं ओरडतो. मी आत ऐकत असते. पहिल्यांदा मी बाहेर यायला निघाले होते. मग म्हटलं, ऐकणाऱ्यांना तरी बरोबर माहिती मिळतेय.

नौपाड्यातली इमारत आता बरीच वर आली आहे. मागच्या महिन्यात सोसायटीची सभा झाली, फरशीचा रंग ठरवायला. नवरा तिथून आला तो जरा विचारात. आमच्या वाट्याचं पार्किंग त्याने टेप लावून मोजलं होतं. त्यात छोटी गाडी कशीबशी बसते. आमची ही तर शेजारच्या दोघांची जागा खाऊन पुन्हा रस्त्यावर येईल, आणि ट्रॉलीचा तर प्रश्नच नाही.

त्याने कागदावर आकृती काढून सासूबाईंना सगळं समजावलं. हा खांब, हा जिना, ही आपली जागा, आणि ही गाडी. त्यांनी चष्मा लावून आकृती नीट बघितली.

“मग घरच लहान घेतलंय आपण,” त्या म्हणाल्या.